सोलापूरहून एक दिवसाची ट्रिप: विजापूर की नळदुर्ग-तुळजापूर?

सुट्टीत गाडी काढायची म्हटलं की आपल्याकडं हे दोनच पर्याय आधी निघतात. विजापूर साधारण 100 किमी, रस्ता मोठा, भीमा ओलांडली की कर्नाटक लागतं. गोलघुमटाला मात्र सकाळी उघडल्या उघडल्या पोचा, कारण वरच्या गॅलरीत एकदा शाळेच्या सहली शिरल्या की नुसता कल्ला, आणि भिंतीजवळ हळूच बोललेलं पलीकडच्याला ऐकू येतं ती खरी मजाच जाते. नंतर इब्राहिम रोजा (इब्राहिम आदिलशहाचा मकबरा) बघा, मला तर तो घुमटापेक्षा जास्त आवडतो, काय नाजूक कोरीव काम आहे! मुलूख मैदान तोफ वाटेत होऊन जाते.

नळदुर्ग त्याच्या निम्म्याच अंतरावर, हैदराबाद रोडला. किल्ल्यात बोरी नदीवर बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल, म्हणजे नदी भरली की नर-मादी धबधबे डोक्यावरून कोसळतात आणि तुम्ही आत खिडकीत उभे, अंगावर तुषार. पण हे फक्त चांगला पाऊस झाल्यावर, उन्हाळ्यात गेलात तर बांध कोरडाच दिसेल. तिथून तुळजापूर करून परत, फक्त मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, रांगेतच दिवस जातो.

घरात म्हातारी माणसं असतील तर गोलघुमटाचे उंच जिने त्यांना झेपत नाहीत हो, तेव्हा नळदुर्गच. थंडीत मात्र विजापूर, डोळे झाकून. डब्यात कडक भाकरी न् शेंगा चटणी दोन्हीकडं घ्या.