आधी उदाहरणं की आधी नियम?

उद्या तुम्हाला सहावीला ‘फूल – फुलाला’ शिकवायचंय आणि तुमच्या पाठ टाचणात ‘पद्धती’पुढची जागा अजून रिकामी आहे. उद्गामी लिहायचं की अवगामी?

उद्गामी म्हणजे आधी उदाहरणं. फळ्यावर फूल, मूल, वीट, सून. शेजारी फुलाला, मुलाला, विटेला, सुनेला. ‘काय बदललं?’ एवढंच विचारायचं आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणंच फार अवघड जातं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, ‘बाई, दीर्घाचं ह्रस्व झालं!’ स्वतः शोधलेला नियम मुलं सहसा विसरत नाहीत. पण तास संपत आलेला असतो, आणि तेवढ्यात कुणी ‘शरीर’ म्हणालं की गाडी अडते. ‘शरिराला’ का नाही? शब्द तत्सम आहे, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून ‘शरीराला’. हे नुसतं उदाहरणं न्याहाळून मुलांना सापडत नाही, सांगावंच लागतं.

अवगामी म्हणजे आधी नियम. त्यात नियम आणि अपवाद पाच मिनिटांत सांगून होतात. उरलेला वेळ मुलांचा: बहीण, विहीर, गीत, वकील. तत्सम कोणता ते आधी ठरवा, मग ‘ला’ लावा आणि कारण सांगा. या पद्धतीला घोकंपट्टी म्हणून नावं ठेवतात, ते मला पटत नाही. बाईंनीच नियम वाचला आणि बाईंनीच दहा उदाहरणं सोडवली, तर घोकंपट्टी होणारच. नवा शब्द मुलांनी नियमावर घासून पाहिला, तर तो विचारच आहे.

भूमितीत तर अवगामीला पर्याय नाही. त्रिकोणाचे कोन मोजायला लावले की बेरीज कुणाची 179 येते, कुणाची 182. कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून एका रेषेवर जुळवले की मुलं हरखतात, ते जरूर करा. पण शंभर त्रिकोण मोजले तरी पुढच्याची खात्री देता येत नाही. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली, व्युत्क्रम कोन एकरूप दाखवले, की 180 अंश प्रत्येक त्रिकोणासाठी सिद्ध होतात.

थोडक्यात, नवा घटक आणि लहान वर्ग असेल तर उद्गामी. उजळणी, अपवाद किंवा प्रमेय असेल तर अवगामी. उद्या तुमच्या जागी मी असते तर पहिली पंधरा मिनिटं मुलांना शोधू दिलं असतं आणि ‘शरीर’ आलं की खडू हातात घेतला असता. टाचणात दोन्ही नावं लिहा.