मनगटाचा पट्टा (उजवा, मीडियम): पाचपैकी अडीच

श्रावणात मागच्या दारच्या शेवाळलेल्या शहाबादीवरून घसरले आणि पडताना उजवा हात टेकला. पाच आठवडे प्लास्टर. ते काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "आजी, महिनाभर पट्टा वापरा." टिळक रोडजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानातून ६४० रुपयांना आणला. दुकानदाराने टेप काढलीच नाही, नजरेनेच माप घेतलं. "मीडियम बसेल."

बसला, पण कसा ते सांगते. कापड चांगलं आहे, घाम आला तरी खाज सुटत नाही. आतली अॅल्युमिनियमची पट्टी काढून पट्टा धुता येतो. तक्रार आहे ती या पट्टीचीच. शाळेतल्या फूटपट्टीसारखी सरळसोट, वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीची. माणसाचा हात कोपराकडे जाड आणि मनगटाशी बारीक असतो, हे बनवणाऱ्याच्या गावी नाही. त्यामुळे मनगटाशी पोकळी राहते आणि काम करता करता पट्टा पुढे सरकतो. पट्टीचं टोक तळहातात इतकं पुढे येतं, की बोटं मिटत नाहीत. लाटणं धरणं सोडाच, चहाचा कपही डाव्या हाताने.

माझी भाची एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक्स-रे बघून म्हणाली, "मावशी, हे कॉलीज फ्रॅक्चर." मला कॉलेज ऐकू आलं. म्हटलं, कॉलेज सोडून पंचेचाळीस वर्षं झाली गं! मग तिने सांगितलं, की हे एका आयरिश सर्जनचं नाव, अब्राहम कॉलीस. जन्म १७७३, किल्केनीजवळचा. लहानपणी पुरात एका डॉक्टरचं शरीररचनेचं पुस्तक वाहून आलं, ते याला सापडलं, परत द्यायला गेला तर डॉक्टरने ते त्यालाच देऊन टाकलं, असं सांगतात. (पानशेतच्या पुरात आमच्या आजोबांचं पुस्तकांचं कपाट गेलं. ती कुणाला सापडून कोण डॉक्टर झालं, कोण जाणे.) तिशी गाठायच्या आत, १८०२ मध्ये, हा डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा अध्यक्ष झाला आणि १८०४ ते १८३६ तिथेच शरीररचना आणि शस्त्रक्रिया शिकवत राहिला. बत्तीस वर्षं! मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून हा आकडा माझ्या लक्षात राहिला. पुढे सरदारकीसारखी पदवी देऊ केली, तीही नको म्हणाला. १८४३ मध्ये गेला, पण जाण्याआधी लिहून ठेवलं, की माझं शरीर उघडून आजार नेमका काय होता ते बघा. मास्तर शेवटपर्यंत मास्तरच.

आता पट्ट्याशी संबंध. या फ्रॅक्चरवरचा त्याचा लेख १८१४ चा. एक्स-रे यायला अजून ८१ वर्षं होती. लोक याला मनगट निखळलं किंवा मुरगळलं म्हणायचे. याने नुसतं हाताने चाचपून सांगितलं, की हाड मनगटाच्या दीड इंच वर मोडलंय. आणि बांधायला काय वापरलं? हाताच्या आकाराला वळवलेल्या टिनच्या पट्ट्या! म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी डब्लिनच्या माणसाला सुचलं, ते आमच्या पट्टेवाल्यांना आजही सुचत नाही.

दुकानात परत गेले. "धुतलेला माल बदलत नाही." ठीक. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, आकार द्यायला हरकत नाही, धारदार कड राहू देऊ नका. मग रिक्षा करून थेट कसब्यात, तांबट आळीत. एका म्हाताऱ्या कारागिराने पट्टी हातात घेतली, माझ्या मनगटाकडे एकदा बघितलं, कातरीने दोन्ही बाजू थोड्या उतरवल्या, कानशीने कड मारली आणि लाकडी हातोडीने ठोकून ठोकून तळहातापाशी खोलगट केली. दहा मिनिटांचं काम. पैसे घेईना. "घागरीला नाही का गळा काढत, तसंच हे." मी बळेच पन्नास रुपये ठेवले.

आता पट्टा जागचा हलत नाही आणि बोटं मिटतात. काल दोन पोळ्या लाटल्या, नकाशे झाले, पण झाल्या.

घेणार असाल तर दुकानात टेप काढायला लावा, पट्टी बाहेर काढून हातावर ठेवून बघा आणि घरी जाऊन लगेच धुवू नका. व्हेलक्रोला मात्र माझ्याकडे इलाज नाही. सुती साडीचा पदर दिवसातून चार वेळा त्यात अडकतो, आत्ताही अडकलाय.