फुग्यात मावणारी मराठी : कॉमिक्स वाचण्यात गेलेलं एक वर्ष

गेल्या दिवाळीत मिरजेचं घर रिकामं करताना माळ्यावरून दादाची पत्र्याची ट्रंक खाली आली. दादा आता नाशकात असतो. फोनवर तो एवढंच म्हणाला, "रद्दीत घालू नकोस, तू ने." ट्रंकेत वर कडुलिंबाचा वाळून चुरा झालेला पाला, खाली कॉमिक्स. दहा-दहा अंक घेऊन आईने गोधडीच्या सुईने शिवलेले, वर खाकी पुठ्ठा, पुठ्ठ्यावर दादाच्या गोल अक्षरात आकडा. असे चौदा गठ्ठे पुण्याला आले आणि माझ्या वर्षभराच्या रविवारांची सोय झाली.

मी नारायण पेठेत डीटीपीचं काम करते. चोवीस वर्षं झाली. दिवसभर मराठी मजकूर टंकायचा, लावायचा, प्रुफं काढायची. त्यामुळे कॉमिक्स हातात आलं की माझी नजर चित्राआधी फुग्यावर जाते. फुगा म्हणजे पात्राच्या तोंडातून निघालेली, बोलणं लिहायची पांढरी जागा. या वर्षी जे जे वाचलं ते मी या फुग्यावरूनच जोखलं. सोबतीला ताईची दहा वर्षांची मुलगी होती. ती इंग्रजी शाळेत जाते. मराठी झरझर बोलते, पण वाचायला बसली की प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबते. रविवारी जेवणं झाली की आम्ही दोघी चटईवर आणि मध्ये गठ्ठा.

सुरुवात अर्थातच वेताळापासून, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'पासून. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. दादाकडचे बहुतेक अंक शेवटच्या दहा वर्षांतले. कवटीची गुहा, कवटीची अंगठी, ठोसा बसला की जबड्यावर उठणारी खूण. माझं बालपण यातच गेलं होतं, म्हणून मला ते पुन्हा फार आवडेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात पाचव्या अंकानंतर मी थकले. गोरा माणूस जंगलात येतो, पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि तिथल्या माणसांना शिस्त लावतो. मूळ मालिकेतल्या देशाचं नाव आपल्या वाचकांना खटकू नये म्हणून भारतीय आवृत्तीत बदलून 'डेंकाली' केलं होतं, पण गोष्टीचा गाभा तोच राहिला. भाचीला वेताळापेक्षा 'बहादूर' आवडला. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये उभा केलेला हा नायक आपल्याच मातीतला, कुर्ता-जीन्स घालणारा, डाकूंशी लढणारा. त्याचे अंक कुठे जुन्या बाजारात दिसले तर घ्या. वेताळाचे दोन-चार पुरेत.

इथेच मला फुग्याचं दुखणं पहिल्यांदा नीट कळलं. फुगा काढलेला असतो इंग्रजी मजकुराच्या मापाने. इंग्रजीच्या दोन ओळी जिथे बसतात तिथे मराठीच्या दोन ओळी बसत नाहीत, कारण आपल्या अक्षराला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. ओळींमध्ये जास्त अंतर लागतं. ते दिलं नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. मग लावणारा काय करतो? अक्षर बारीक करतो. ते बारीक अक्षर दहा वर्षांच्या मुलीला बोटाने धरून वाचावं लागतं, आणि मारामारी चालू असताना बोट धरून कोण वाचेल?

अमर चित्रकथा या बाबतीत पुष्कळ सुखाच्या. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेतला 'कृष्ण' राम वाईरकरांनी रंगवलाय. बत्तीस पानं, एका बैठकीत संपतात. वाईरकरांचा हात किती मोकळा होता ते कृष्णाच्या गालांवर आणि वासरांच्या डोळ्यांत दिसतं. 'टिंकल' मासिकातला भोळसट सुपंडीही मूळ त्यांनीच काढला हे मी भाचीला सांगितलं, तेव्हा तिने दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली आणि नाकं, बोटं, उभं राहायची ढब ताडून पाहत बसली. पुढे सुपंडी त्यांच्या मुलीने, अर्चना आंबेरकरांनी काढला, हे ऐकून तर ती फारच खूश झाली. पुण्याचे प्रताप मुळीक, दिलीप कदम ही नावंही तिला आता पाठ आहेत. क्रिकेटवाल्यांची असतात तशी चित्रकारांची नावं मुलांना पाठ व्हावीत असं मला मनापासून वाटतं.

पण एका रविवारी तिने विचारलं, "मावशी, सगळे राक्षस काळे आणि जाडेच का?" ती स्वतः सावळी आहे. मी गठ्ठा उलटापालटा केला. तिचं बरोबर होतं. अंकामागून अंक, देखणी माणसं गोरी आणि दुष्ट माणसं काळी. इतक्या वर्षांत माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं. तिच्यासमोर सारवासारव केली नाही, "चूक आहे त्यांची" एवढंच म्हणाले. अमर चित्रकथा मुलांना द्या, मी पुढेही देणार आहे, पण शेजारी बसून द्या.

मार्चपासून मी स्वतः विकत घ्यायला लागले, आणि वर्षातला सगळ्यात वाईट अनुभव इथे आला. जुन्या मराठी कॉमिक्सचा संच म्हणून एका विक्रेत्याकडून मागवला, साडेआठशे रुपये भरले. आला तो झेरॉक्सचा गठ्ठा, मध्ये स्टेपलर, चार पानं उलटी. पैसे परत मिळायला सात आठवडे गेले. तेव्हापासून जुनं काही घ्यायचं तर अप्पा बळवंत चौकात पदपथावर उभं राहून, पान चाळून, वास घेऊन घेते. तुम्हीही तसंच करा.

त्याहून जास्त त्रास एका नव्याकोऱ्या मराठी अनुवादाने दिला. चिकणा कागद, रंग झकास, शिलाई पक्की. राजवाड्यात मेजवानी आहे आणि राजा हुकूम देतो. त्याला म्हणायचंय 'आचाऱ्यांना बोलवा'. छापलंय 'आचार्यांना बोलवा'. भाचीने वाचलं आणि थांबून विचारलं, "गुरुजी स्वयंपाक करायचे?" पुढच्या पानावर 'दुसर्या दिवशी', 'पायर्यांवर', 'तार्यांखाली'. मराठीतला तो अर्धा र, पापणीसारखा, अख्ख्या पुस्तकात कुठेच नव्हता. हे कसं होतं ते मला माहीत आहे, कारण मी रोज त्याच्याशीच झगडते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घेताना हे अक्षर पडतं, आणि मागून कोणी डोळ्याखालून घातलं नाही तर तसंच छापखान्यात जातं. अर्ध्या तासाचं काम आहे ते. मोठ्या माणसाला संदर्भाने कळतं. वाचायला शिकणारं मूल मात्र छापलंय तेच खरं धरतं. त्या दिवशी आम्ही व्हाइटनर घेऊन बसलो आणि एकेचाळीस जागा दुरुस्त केल्या. 'आचाऱ्यांना' तिने स्वतः लिहिलं, काळ्या जेल पेनने, जीभ बाहेर काढून.

पुढच्याच रविवारी मी 'चिंटू'चे संग्रह काढले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये आला, आणि आमच्या घरी सकाळी पेपर आधी कोणाच्या हातात जाणार यावरून त्याच्यामुळे भांडणं व्हायची. तीन-चार चौकटी, त्यात चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या आणि वैतागलेले जोशीकाका. इथे भाची एकदाही अडली नाही. एकदाही नाही. कारण हे बोलणं मराठीतच सुचलंय आणि फुगा त्या बोलण्यापुरता काढलाय. आई हाक मारते ती आईसारखी, चिंटू उलट उत्तर देतो ते आमच्या घरातल्यासारखं. वाक्य लहान, पण तोडलेलं नाही. तीन संग्रह तिने दोन रविवारांत संपवले आणि नंतर मला न विचारता पेपरातल्या बातमीचा मथळा मोठ्याने वाचला. माझ्यासाठी वर्षभरातला हा सगळ्यात मोठा लाभ. मुलाला मराठी वाचनाची गोडी लावायची असेल तर पहिलं पुस्तक चिंटूचं घ्या, बाकी सगळं नंतर.

पावसाळ्यात मी एकटीने 'माउस' वाचलं. भाचीला अजून लवकर आहे. आर्ट स्पीगलमनचे वडील नाझींच्या छळछावणीतून, ऑशविट्‌झमधून वाचले, त्यांची ही हकिगत. ज्यू उंदीर, नाझी मांजरं. १९९२ मध्ये या पुस्तकाला पुलित्झर मिळालं. माझं इंग्रजी बेताचं, तरी सोडवेना. त्याने पानं छापायच्या आकारातच काढली, तीही साध्या फाउंटन पेनने, हे समजलं तेव्हा मी भिंग घेऊन बसले. एरवी चित्रकार मोठं काढतात आणि छपाईत ते लहान होतं, त्यामुळे रेषा नीटस दिसते. इथे हात जसा चालला तसाच दिसतो, अक्षरंसुद्धा त्याच हातची. वडिलांचं इंग्रजी मोडकं आहे, शब्दांचा क्रम चुकलेला. ते वाचताना मला आमच्या कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या सिंधी काकांचं मराठी ऐकू यायचं. अनुवाद करायचा झाला तर त्या मोडकेपणाचं मराठीत काय करायचं, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आणि 'भीमायन', बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं चित्रपुस्तक. वर्षातलं माझं सर्वांत लाडकं पुस्तक हेच. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने २०११ मध्ये काढलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी कलावंतांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. यात चौकटीच नाहीत. गोंडांच्या घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात त्या दिग्ना नक्षीच्या वळणदार पट्ट्या पान विभागतात. माणसांना कोंडायचं नव्हतं म्हणून. रेल्वेगाडी सापासारखी, किल्ला हिंस्र जनावरासारखा.

पण मी थबकले ती फुग्यांपाशी. मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. अपमान करणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्यात एक डोळा. चोवीस वर्षं मी अक्षरं फुग्यात, चौकटीत, रकान्यात बसवतेय, पण शब्दाला विष असेल तर तो ज्या जागेत बसतो त्या जागेलाही नांगी फुटावी, हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या पानावर मी हात ठेवून बसले होते. भाची पुस्तक ओढत होती, पण जरा वेळ मला ते सोडवेना. नंतर तिनेच पानं उलटत मोजणी केली, विंचू किती आणि पक्षी किती. विंचू फार होते.

पुस्तकात बाबासाहेबांच्या लहानपणीची १९०१ मधली हकिगत आहे. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली. सुट्टीत वडिलांना भेटायला भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून गाडीत बसली आणि मसूरला उतरली. नवे कपडे, जरीच्या टोप्या. घ्यायला कोणी आलेलं नव्हतं. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने विचारपूस करतो, मग जात कळते आणि त्याचा चेहरा बदलतो. गाडीवान मिळेना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. बरोबर डब्यात भरपूर जेवण होतं, पण पाणी द्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मुलं उपाशीच झोपली.

मसूर आमच्या पुणे-मिरज मार्गावर आहे. त्या स्टेशनवरून मी शेकडो वेळा गेले असेन, खिडकीतून भेळ घेत, पाय पसरून झोपत.

पुस्तकाचा एक दोष सांगते. बाबासाहेबांच्या गोष्टीला जोडून आजकालच्या दोन माणसांचं संभाषण येतं, ते मधूनमधून शिकवणीसारखं लांबतं. तिथे पान जड होतं. माझ्याकडची प्रत इंग्रजी आहे, त्यामुळे मी वाचून मराठीत सांगायचे आणि भाची चित्रावर बोट फिरवायची.

घराच्या कागदपत्रांसाठी ऑक्टोबरात मिरजेला जायचं होतं, शाळेला सुट्टी म्हणून ती बरोबर आली. पुस्तक तिच्या मांडीवर, वर कंपासमधला ट्रेसिंग पेपर. मुलं पाणी मागतात ते पान तिने काढलं होतं. मसूरला आमची पॅसेंजर थांबली तेव्हा ती खिडकीला नाक लावून फलाटावरचा नळ शोधत होती. गाडी सुटली. मग तिने पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर, पक्ष्याच्या पोटात, सावकाश लिहिलं : पाणी मिळेल का? अक्षरं मोठी होती, उकार-वेलांट्या मोकळ्या, आणि कडेला दोन बोटं जागा उरली होती.