एकदाच वाजणारी घंटा: न्यूलिबच्या सिग्नल()चा आठ महिन्यांचा अनुभव

सकाळी लॉग उघडला तर रात्री सव्वाएकपासून तापमान २३.४. दर दहा सेकंदांनी, इमानेइतबारे, २३.४. सेन्सरची बस (डेटा आणणारी वायर) अडकली होती आणि ती सोडवायला लिहिलेला माझा सिग्नल हँडलर (सिग्नल उठला की चालणारं फंक्शन) जागचा हललाच नव्हता. वॉचडॉगनेही (वेळेवर थोपटलं नाही तर बोर्ड रीसेट करणाऱ्या टायमरनेही) तक्रार केली नाही, कारण मुख्य लूप व्यवस्थित फिरत होता आणि त्याला वेळच्या वेळी थोपटत होता. बोर्ड हँग झाला असता तर परवडलं असतं. हा बोर्ड हसतमुखाने खोटं बोलत होता.

तेव्हा बेअर मेटलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय, सिग्नल.एच (सीची सिग्नलसाठीची हेडर फाइल) वापरायला लागून तीन महिने झाले होते, आता आठ झालेत. बोर्ड साधा आहे: कॉर्टेक्स-एम३, ८ केबी रॅम, सोबत न्यूलिब-नॅनो, म्हणजे न्यूलिब या छोट्या बोर्डांसाठीच्या सी लायब्ररीची आटोपशीर आवृत्ती. बाकी तपशील तुम्हाला माहीत आहेत असं धरते.

आधी कबुली. सिग्नल मी फुकट मिळालं म्हणून घेतलं. सीच्या मानकात फ्रीस्टँडिंग (ऑपरेटिंग सिस्टिमशिवायच्या) अंमलबजावणीला ज्या हेडर फाइली द्याव्याच लागतात त्यांत सिग्नल.एच नाही. न्यूलिब तरीही देतं. माझा ड्रायव्हरचा कोड लिनक्सवर टेस्ट होतो आणि मग बोर्डावर जातो, त्यामुळे चूक झाली की दोन्हीकडे रेझ()ने सिग्नल उठवायचा आणि दोन्हीकडे सिग्नल()ने नोंदवलेला तोच हँडलर, ही कल्पना फारच आवडली होती. बस टाइमआउट झाली की सिगयूएसआर१, हा आपल्या वापरासाठी मोकळा ठेवलेला सिग्नल. हँडलर एक झेंडा वर करणार, पुढच्या फेरीत मुख्य लूप बस नव्याने सुरू करणार, आणि तोवर ड्रायव्हर जुनी व्हॅल्यू परत देणार. कागदावर झकास.

न्यूलिबचा सोर्स मी त्या सकाळी पहिल्यांदा उघडला. (तीन महिन्यांनी. हो.) सिग्नलची फाइल इतकी छोटी आहे की दहा मिनिटांत वाचून होते. कर्नल नाही, प्रोसेस नाही, मास्क नाही. ३२ फंक्शन पॉइंटरांचा एक तक्ता आहे आणि रेझ() म्हणजे त्या तक्त्यात बघून केलेला साधा फंक्शन कॉल. फक्त त्या कॉलच्या आधी एक ओळ आहे: तक्त्यातली नोंद पुसून तिथे सिग_डीएफएल (डीफॉल्ट वागणुकीची खूण) ठेवा. म्हणजे हँडलर एकदाच चालतो. दुसऱ्यांदा तोच सिग्नल आला की रेझ() डीफॉल्ट वाटेने जातं, आणि डीफॉल्ट वाट म्हणजे _गेटपिडकडून प्रोसेसचा नंबर घेऊन _किलला (प्रोसेसला सिग्नल पाठवणाऱ्या फंक्शनला) कॉल.

बेअर मेटलवर कुणाला किल करणार? चिपसोबत मिळालेल्या सिस्टिम कॉलच्या फाइलीत _किल नावाचं एक ठोकळ्यासारखं फंक्शन बसलेलं असतं: एररनो या व्हेरिएबलमध्ये चूक टाका, उणे एक परत द्या. ते उणे एक रेझ() जसंच्या तसं माझ्या हातात ठेवत होतं आणि मी ते बघतच नव्हते. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. टीममधल्या एकाने शांतपणे विचारलं, "तू रेझ काय परत देतं ते कधी तपासलंस का?" मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही.

मग टेस्ट कशा पास होत होत्या? बेंचवरच्या प्रत्येक टेस्टच्या आधी बोर्ड रीसेट व्हायचा आणि टेस्टमध्ये बस एकदाच अडकवली जायची. एकदा तर हँडलर चालतोच! आणि लिनक्सवर मी बस शंभरदा अडकवली होती, पण तिथे जीलिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) आहे आणि तिचं सिग्नल() बीएसडीच्या (युनिक्सच्या एका शाखेच्या) पद्धतीने वागतं, म्हणजे हँडलर जागेवर राहतो. यातली खरी गंमत मला नंतर कळली. जीलिबसीवर तोच कोड कडक सी९९ मोडमध्ये कंपाइल केला तर हेडर फाइल गुपचूप जुन्या सिस्टिम व्ही (युनिक्सची दुसरी शाखा) पद्धतीचं सिग्नल() जोडते, आणि तिथेही हँडलर एकदाच चालतो. कंपायलरच्या एका पर्यायावर वागणूक बदलते. मी तो पर्याय दिला असता तर लिनक्सवरच दुसऱ्या फेरीला पकडले गेले असते. मी जीएनयू९९ (सी९९ अधिक जीएनयूच्या सोयी) दिला होता, कारण एका मॅक्रोत टाइपऑफ हवं होतं.

भांडण जुनंच आहे. सुरुवातीच्या युनिक्समध्ये हँडलर एकदा चालून पुसला जायचा. १९८३ च्या ४.२ बीएसडीने तो टिकवला आणि हँडलर चालू असेपर्यंत तोच सिग्नल अडवून धरला. १९८८ च्या पॉसिक्स या युनिक्सच्या मानकात सिगॲक्शन हे फंक्शन आलं, तिथे हवं ते मागून घेता येतं. सीच्या मानकाने मात्र निवड लायब्ररीवर सोडली आणि न्यूलिबने जुनी वाट धरली. मॅन्युअल वाचणाऱ्याला हे ठाऊक असतं. मॅन्युअल वाचणाऱ्यांचं मला नेहमीच कौतुक वाटत आलंय.

त्या दिवशीची दुरुस्ती एका ओळीची. हँडलरची पहिलीच ओळ: सिग्नल() पुन्हा बोलवा, स्वतःचीच नोंद पुन्हा करा. हँडलरमध्ये जी मोजकी फंक्शन्स बोलावायला मानक परवानगी देतं त्यात हे बसतं, फक्त सिग्नल नंबर तोच असायला हवा. बोर्ड सुधारला. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर पाचपैकी दीड तारा दिला असता.

पण ती ओळ मला डाचत राहिली. नोंद पुसली जाणं आणि पुन्हा होणं यांच्यामध्ये एक फट आहे. माझ्याकडे टायमर आणि यूएआरटी (सीरियल पोर्ट) असे दोन इंटरप्ट (चालू काम थांबवणारे हार्डवेअरचे इशारे) एकच सिग्नल उठवतात, दोघांचं प्राधान्य वेगळं. वरचा इंटरप्ट त्या फटीत आला की गेला तो सिग्नल. मोजक्या इन्स्ट्रक्शनची फट, पण दिवसाचे सेकंद ८६,४०० आणि बोर्ड कितीतरी दिवस चालणार.

दुसरं, आणि खरं सांगायचं तर हेच मोठं: ते १२८ बाइट. ३२ पॉइंटर गुणिले चार. पहिल्यांदा सिग्नल() बोलावलं की हा तक्ता मॅलॉकने (प्रोग्रॅम चालू असताना मेमरी देणाऱ्या फंक्शनने) घेतला जातो, वर मॅलॉकच्या हिशेबाचे काही बाइट वेगळे. मी सिग्नल वापरते चार. बाकीच्या २८ रिकाम्या खुर्च्या कुणासाठी? टर्मिनल नाही तिथे सिगइंट, प्रोसेस नाहीत तिथे सिगचाइल्ड. ८ केबीत १२८ बाइट म्हणजे रॅमचा चौसष्टावा भाग. लोक म्हणतात इतकं काय त्यात. ज्यांनी स्टॅक ६४ बाइटने वाढवण्यासाठी बफर कापलेत त्यांनी मला हे सांगू नये. शिवाय माझ्या कोडमध्ये मॅलॉक दुसरीकडे कुठेच नव्हतं. एका तक्त्यापायी आख्खं मॅलॉक आणि त्यामागून त्याला मेमरी पुरवणारं _एसबीआरके फ्लॅशमध्ये येऊन बसले होते. मॅप फाइल (मेमरीत काय कुठे बसलं त्याची यादी) बघून जीव जळायचा.

म्हणून सिग्नल.सी स्वतः लिहिली. चार नोंदींचा स्टॅटिक तक्ता, १६ बाइट. नंबरावरून जागा शोधायला एक स्विच. अनोळखी नंबर आला की उणे एक. आधी फक्त रेझ() लिहिलं तर लिंकर भांडला: एकाच नावाची दोन फंक्शन्स. न्यूलिबमध्ये सिग्नल() आणि रेझ() एकाच ऑब्जेक्टमध्ये आहेत. एकासाठी ती ऑब्जेक्ट आर्काइव्हमधून ओढली की दुसरंही सोबत येतं. दोन्ही स्वतः लिहिली की लायब्ररीची ऑब्जेक्ट येतच नाही. असर्टसाठी (अट खोटी ठरली की प्रोग्रॅम थांबवणाऱ्या तपासणीसाठी) न्यूलिब एफप्रिंटएफच्या कुटुंबाला हाक मारतं आणि तेही मॅलॉक ओढतं, म्हणून त्याचंही फंक्शन बदललं. मॅलॉक मॅप फाइलीतून गेलं. आणि अर्थातच, नोंद पुसणारी ओळ मी लिहिली नाही. मोठ्या तोऱ्यात लिहिली नाही.

नव्याचे नऊ दिवस सरले आणि बोर्ड विचित्र मरायला लागला. कधी कॉन्फिगरेशन कचरा, कधी लॉगमध्ये तीच चूक पुन्हापुन्हा. चार दिवस मी सेन्सरच्या बसला शिव्या दिल्या, चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी डीबगर लावून थांबवलं तर कॉल स्टॅक संपतच नव्हता. माझा सिगअबॉर्टचा (अबॉर्ट() उठवतं त्या सिग्नलचा) हँडलर फ्लॅशमध्ये नोंद लिहितो. फ्लॅश लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये पत्ता नीट आहे का बघणारा एक असर्ट आहे. असर्ट फसला की अबॉर्ट(), अबॉर्ट()मधून रेझ(), रेझ()मधून तोच हँडलर, तो पुन्हा फ्लॅश लिहायला. प्रत्येक फेरीला स्टॅक खाली सरकत सरकत माझ्या ग्लोबल व्हेरिएबलांवर चढला होता.

हेच न्यूलिबवर झालं असतं तर? दुसऱ्या सिगअबॉर्टला तक्त्यात सिग_डीएफएल. _किलने उणे एक दिलं असतं, अबॉर्ट() पुढे _एक्झिटकडे गेलं असतं, ते तिथल्या तिथे फिरत राहिलं असतं आणि वॉचडॉगने बोर्ड रीसेट केला असता. लॉगमध्ये एक नोंद आणि स्वच्छ सुरुवात. ज्या ओळीला मी पाच महिने नावं ठेवली तीच ओळ हे थांबवत होती.

मग मानकाचा परिच्छेद पुन्हा वाचला, यावेळी शेवटपर्यंत. हँडलर चालवताना लायब्ररीने दोनपैकी एक करायचं: नोंद डीफॉल्टवर आणायची, किंवा हँडलर संपेपर्यंत निदान तोच सिग्नल अडवायचा. न्यूलिब पहिलं करतं, बीएसडी दुसरं. मी एकही केलं नव्हतं. शहाणपणा दाखवायला गेले ते हात दाखवून अवलक्षण.

आता माझ्या तक्त्याशेजारी एक बाइट आहे. प्रत्येक सिग्नलला एक बिट: हँडलर चालू आहे की नाही. बिट तपासून चढवणं इंटरप्ट बंद करून होतं. चालू असताना तोच सिग्नल पुन्हा आला तर सिगयूएसआर१ सोडून द्यायचा, कारण झेंडा वर होणारच असतो, आणि बाकी तिघांसाठी थेट सिस्टिम रीसेट. एकूण १७ बाइट. न्यूलिबबद्दलचं माझं मत इथे अडीच-तीन ताऱ्यांवर सरकलं. एक तारा १२८ बाइटसाठी कापलाय आणि तो परत मिळणार नाही.

हार्डवेअरच्या चुका सिग्नलशी आपोआप जोडल्या जातात असं समजून कुणी येत असेल तर तसं काही नाही. हार्डफॉल्ट (प्रोसेसरने पकडलेली गंभीर चूक) झाला म्हणून कुणी सिगसेगव्ही (चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा सिग्नल) उठवत नाही, तो पूल आपणच बांधायचा. शून्याने भागलं तर कॉर्टेक्स-एम३ उत्तर शून्य देऊन पुढे जातो. कंट्रोल रजिस्टरमधला सापळ्याचा बिट आपण चढवला तरच फॉल्ट येतो.

त्या पुलावर मात्र माझे दोन दिवस गेले. हार्डफॉल्टमधून रेझ(), हँडलरमधून लाँगजंप (सेटजंपने खूण केलेल्या जागी उडी), थेट मुख्य लूपच्या सेटजंपवर. पहिल्याच फटक्यात चाललं! लूप फिरतोय, एलईडी लुकलुकतोय, वॉचडॉग खूश. फक्त सिस्टिकचा (ठराविक वेळाने येणाऱ्या टायमर इंटरप्टचा) काउंटर गोठलेला आणि यूएआरटी मुका. लाँगजंप रजिस्टर आणि स्टॅक पॉइंटर परत आणतं, पण एक्सेप्शनमधून (फॉल्ट किंवा इंटरप्टच्या अवस्थेतून) बाहेर पडणं हे वेगळं काम आहे आणि ते त्याला माहीतच नाही. प्रोसेसरच्या मते आम्ही अजून हार्डफॉल्टमध्येच होतो. हार्डफॉल्टचं प्राधान्य उणे एक, त्यामुळे एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) सोडून कुणालाही आत प्रवेश नाही. आयपीएसआर (चालू एक्सेप्शनचा नंबर सांगणारा रजिस्टर) वाचला तर ३, म्हणजे हार्डफॉल्ट. तो आकडा बघून हसू आलं, दोन दिवसांनी आलेलं हसू.

इलाज असा: फॉल्टच्या वेळी प्रोसेसर स्टॅकवर आठ शब्द ठेवतो, त्यातला सातवा म्हणजे परतीचा पत्ता. तो बदलून आपल्या छोट्या फंक्शनचा टाकायचा, आठव्या शब्दातला थंब बिट (इन्स्ट्रक्शनचा प्रकार सांगणारा) तसाच ठेवून आयटीचे (अर्धवट राहिलेल्या इफ-देन गटाचे) बिट पुसायचे, आणि हँडलरमधून सरळ परत यायचं. प्रोसेसर रीतसर बाहेर पडतो, आपल्या फंक्शनमध्ये उतरतो, रेझ() आणि लाँगजंप तिथून. बस फॉल्ट (मेमरीच्या बसवरची चूक) इम्प्रिसाइज, म्हणजे उशिरा कळलेला, असेल तर मूळ परतीचा पत्ता खऱ्या गुन्हेगाराचा नसतो, तेव्हा लॉगमधल्या त्या पत्त्यावर विसंबू नका.

फ्रीआरटीओएस (छोट्या बोर्डांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) वापरणाऱ्यांसाठी: न्यूलिबचा सिग्नल तक्ता _रीएन्ट या तिच्या अंतर्गत स्ट्रक्चरमध्ये असतो. न्यूलिबसाठी प्रत्येक टास्कला वेगळा _रीएन्ट देण्याचा पर्याय चालू असेल तर मेनमध्ये नोंदवलेला हँडलर टास्कला दिसत नाही. मला यापेक्षा जास्त सांगता येणार नाही, माझ्याकडे टास्क नाहीत.

पिकोलिबसी या न्यूलिबवरून निघालेल्या लायब्ररीत तो _रीएन्टच काढून टाकलाय. पुढच्या बोर्डावर तेच घेणार आहे.

सध्याच्या बोर्डावर मॅप फाइल रोज बघते. माझे चारही हँडलर सुरुवातीला एकदा नोंदवले जातात आणि नंतर कधीच बदलत नाहीत. म्हणजे तक्ता कॉन्स्ट करून फ्लॅशमध्ये टाकता येईल. मग सिग्नल()ने काहीही विचारलं तरी सिग_ईआरआर परत द्यायचं, नोंदणी बंद. ज्या लायब्ररीच्या सिग्नल()वर इतकं लिहिलं तिचं सिग्नल() माझ्याकडे फक्त नकार देणारं फंक्शन होईल, पण १६ बाइट वाचतील. शनिवारी बसवून बघते.