लेख विकणारी साइट: दीड वर्षाचा अनुभव

नाव घेत नाही, पण लेख विकायची ही साइट मी दीड वर्ष वापरतेय. इंग्रजी लेख लिहून टाकायचा, किंमत आपण लावायची, विकला की ३५ टक्के साइटचे. पन्नास डॉलरच्या लेखाचे हातात साडेबत्तीस. आमच्या मार्केट यार्डातला आडत्याही लाजेल!

खरी डोकेदुखी साइटच्या संपादकांची. द्राक्षाच्या छाटणीवर लेख दिला होता. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळांसाठी), सगळं मामांच्या पिंपळगावच्या बागेत उभं राहून टिपलेलं. लेख परत: 'वर्षातून दोनदा छाटणी? तपासा.' थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपतो, तिथे एकदाच होते. आपल्याकडे तो झोपतच नाही, हे समजावण्यात अकरा दिवस गेले. पुढे चार महिने लेख तसाच पडून, मग कुणा वाइनवाल्याने घेतला. सगळे हक्क त्याचे, माझं नाव कुठेच नाही. आईला दाखवायचं तरी काय?

पैसे मात्र वेळेवर, पेपालवरून थेट बँकेत. रुपये होताना तिथेही थोडे झिजतात म्हणा. कॉलेज रोडवरच्या खोलीचं वीजबिल निघतं, भाडं नाही. सध्या माझे नऊ लेख तिथे गिऱ्हाइकाची वाट बघतायत, त्यातले दोन कांद्यावर.