अंतरा अडल्यावर काय उघडावं: पेटी की लॅपटॉप?

स्वतःच्या चाली करणाऱ्या बहुतेकांकडे मुखड्यांचा एक ढीग साठलेला असतो. ध्रुवपद झकास जमलेलं, ठेका ठरलेला, दोन मित्रांना ऐकवून 'वा' मिळवून झालेली, आणि पुढे काहीच नाही. अंतरा सुचतच नाही. महिना गेला, दोन गेले, की माणसाला वाटायला लागतं की खोट आपल्यात नसून सामानात आहे. लॅपटॉपवर काम करणारा पेटी घ्यायचं मनात आणतो आणि पेटीवाला साउंड कार्ड, मिडी कीबोर्ड (लॅपटॉपला जोडायच्या पट्ट्या) यांच्या किमती बघत बसतो. मला हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय. मी दोन्हींवर चाली केल्या आहेत, पण त्या भावगीत आणि अभंगाच्या वळणाच्या. पुढचं सगळं तेवढ्या हिशेबानं घ्या.

गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एबलटन लाइव्ह चांगलं की एफएल स्टुडिओ, पेटी डबल रीडची (एका पट्टीला दोन रीड) घ्यावी की ट्रिपल, यात शिरत नाही. ती माहिती कुठेही मिळते. मला एवढंच बघायचंय की चाल अडली असताना यातलं कोण हात धरून पुढे नेतं.

लॅपटॉपच्या बाजूनं बोलायला पुष्कळ आहे. अंतरा काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गळ्याबाहेर चाललाय असं वाटलं की सगळी चाल निवडून दोन सूर खाली ओढायची, झालं. पेटीवर हेच करायचं तर बोटं नव्यानं बसवावी लागतात, नाहीतर स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी हवी, आणि ती उचलून दाखवा एकदा. रात्री साडेअकराला फ्लॅटमध्ये पेटी काढली की वरच्या मजल्यावरून पाय आपटल्याचा आवाज येतो. हेडफोनला ती भीती नाही. गायलेली प्रत्येक ओळ जागच्या जागी राहते, एकीची सुरुवात दुसरीच्या शेवटाला जोडून बघता येते. खर्चही वाटतो तितका नाही. रीपर नावाचं सॉफ्टवेअर 60 दिवस फुकट वापरून बघता येतं आणि नंतरचा घरगुती परवाना 60 डॉलरचा आहे. ॲपलवाल्यांना तर गॅरेजबँड हे तसंच सॉफ्टवेअर आयतंच मिळतं.

त्रास म्हणाल तर सुरुवातीला सगळे आवाज उशिरा येण्यावर चिडतात. पट्टी दाबली आणि सूर किंचित मागून आला की गाणं सुचणं सोडाच, हात अडखळतो. 44.1 किलोहर्ट्झवर बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) 512 ठेवला तर एकट्या त्यातच साधारण 12 मिलिसेकंद जातात, आणि 128 वर आणला तर जुना लॅपटॉप तडतडायला लागतो. पण बऱ्यापैकी साउंड कार्ड आणि त्याचा स्वतःचा ड्रायव्हर असला की हे मिटतं. यावरून मी निर्णय घेतला नाही.

निर्णय झाला तो लूपमुळे, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत ठेवण्यामुळे.

एक उदाहरण घेतो. अभंगाची चाल, राग भीमपलास, भजनी ठेका. मुखडा मध्यमावरून उचललेला आणि खाली सा वर येऊन टेकलेला. लॅपटॉपवर हा मुखडा आठ बारमध्ये (तालाच्या आठ खणांत) बसवला, खाली दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), ठेका, थोडा बेस, आणि लूप चालू केला. फिरायला लागल्यावर तो इतका छान वाटतो की थांबवावासाच वाटत नाही. इथेच घात आहे. मुखडा संपला की पुढे काय, हा प्रश्न कानाला पडतच नाही, कारण संपला म्हणेपर्यंत तो पुन्हा सुरू झालेला असतो. वर अंतरा गुणगुणायला जावं, तर चौथ्या बारला खालून तेच कॉर्ड येतात आणि गळा मुकाट्यानं सा कडे वळतो. लूप बंद केला तर उजवीकडे कोरे चौकोन. ते बघून काही सुचत नाही, सुचलंच तर एवढंच की बेसचा आवाज जरा बदलून बघावा. मग रिव्हर्ब, म्हणजे आवाजाची घुमक. मग तबल्याचं दुसरं सॅम्पल. रात्री एक वाजता मुखडा आणखी गुळगुळीत झालेला असतो आणि आपण दमलेलो असतो, त्यामुळे काम झाल्यासारखंही वाटतं.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे आणि माझ्या मते खरी अडचण तीच. मुखडा जितका सजत जातो तितका नवा अंतरा त्याच्याशेजारी दीनवाणा दिसतो. एकीकडे सहा-सात ट्रॅकवर नटलेलं ध्रुवपद आणि दुसरीकडे नुसत्या 'ना ना ना' वर घेतलेली कच्ची ओळ. ओळ कदाचित चांगलीही असेल, पण तिला नाकारायला कान आधीच तयार बसलेला असतो. लग्नघरातली नवरी आणि अंगणात धुणं धुणारी तिची बहीण यांचा रूपाचा मुकाबला लावण्यातला हा प्रकार आहे. पेटीवर दोघी साध्या साडीत असतात. मुखडाही उघडा, अंतराही उघडा, जुळतंय की नाही ते लगेच कळतं. लॅपटॉपवर मी टाकून दिलेल्या काही ओळी नंतर पेटीवर वाजवून पाहिल्या, तर त्या मुळीच वाईट नव्हत्या. हे काही मोजमाप नव्हे, पण माझ्यापुरतं पुरेसं होतं.

यावर कोणी म्हणेल, ठेकासुद्धा फिरतोच की. तबल्याचं ॲप लावून पेटी वाजवली तर तोही लूपच. तसा आहे, पण ठेक्याला चाल नसते. तो सम दाखवतो, खाली दाखवतो, मधली जागा तुमची. आठ मात्रांनी समेवर यायचं एवढंच त्याचं म्हणणं, कुठल्या सुरावर यायचं त्यात तो पडत नाही. कॉर्डचा लूप नेमका तिथेच नाक खुपसतो.

अंतरा अडल्यावर मी एक जुनी युक्ती करतो, बरेच चाल लावणारे करतात: क्रॉस लाइन, म्हणजे अंतऱ्यातून मुखड्यावर परत आणणारी ओळ, आधी लावायची. मुखडा मध्यमावरून उठतो ना, मग अंतऱ्याची शेवटची ओळ त्या मध्यमाच्या दारात आणून सोडली पाहिजे. सां नि ध प असं उतरत पंचमावर आलो की म हाताशीच असतो. एवढं ठरलं की अंतऱ्याचा शेवट सापडला, उरल्या आधीच्या ओळी, आणि त्यांना आता कुठे जायचंय ते माहीत आहे. पेटीवर याला काहीच लागत नाही. क्रॉस लाइन म्हणा, मुखडा धरा, पुन्हा म्हणा. लॅपटॉपवरही जमतं, नाही असं नाही, पण ही ओळ ठेवायची कितव्या बारला? त्यासाठी अंतरा किती लांबीचा ते आधी ठरवावं लागतं, आणि तेच तर अजून सापडलेलं नाही.

शब्दांचंही तसंच. मोठ्या अभंगाची मोजणी सहा, सहा, सहा, चार अक्षरांची. शेवटचा चरण आखूड असल्यामुळे तिथे आपोआप जागा सुटते. पेटीवर गाताना ती जागा श्वासाची होते किंवा टाळ वाजवणाऱ्याची. स्क्रीनवर ती रिकामा चौकोन म्हणून दिसते आणि माझा हात तिथे काहीतरी भरायला जातो. तुमचा नसेल जात, तर तुमचं कौतुक आहे.

आता पेटीचे दोष, कारण ती काही सोवळी नाही. पहिला आणि मोठा दोष म्हणजे हाताला वळण पडतं. भीमपलास म्हटला की बोटं ग म प नि सां अशी चढतात आणि प्रत्येक अंतरा तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर जाऊन उभा राहतो. दहा चालींचे दहा अंतरे भावंडांसारखे दिसायला लागले की समजावं, चाल बोटांनी केली आहे, आपण नाही. यावर मला लागू पडलेला उपाय असा: सा आणि प दाबून धरायचे, बाकी पट्ट्यांना हात लावायचा नाही आणि गळ्यानं शोधायचं. सापडलं की मगच वाजवायचं. कधी मुद्दाम अंतरा मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात सुरू करून बघायचा, वर जायची घाई मोडते.

दुसरा दोष सगळ्यांना माहीत आहे. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही; सूर पायऱ्यांनी येतात. याच कारणांवरून आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. गायकीच्या साथीबद्दलचा तो वाद मोठा आहे, पण चाल शोधण्यापुरतं मला हे अडलेलं नाही, कारण मींड गळ्यात असते आणि पेटी फक्त कुठून कुठे ते सांगते. गोविंदराव टेंब्यांसारखा नाट्यसंगीताचा संगीतकार मुळात पेटीवाला होता, हे इथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

बाकी किरकोळ: पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात, एखादा सूर बसतो, भाता गळायला लागतो. दुरुस्तीवाला गणपतीच्या आधी वेळ देत नाही.

आणि रेकॉर्डिंगचा गोंधळ. पेटीवाल्याची वही म्हणजे फोन, आणि फोनमध्ये सगळ्या चाली 'नवीन रेकॉर्डिंग' या एकाच नावानं पुढे आकडे लावून पडलेल्या. यात लॅपटॉप शंभर टक्के सरस. मी आता रेकॉर्ड दाबल्यावर आधी तोंडानं सांगतो: 'काळी एक, भजनी, दुसरा अंतरा, क्रॉस लाइन नवीन.' घरचे हसतात, पण सहा महिन्यांनी शोधताना हेच कामाला येतं.

तुमचं संगीतच लूपवर उभं असेल, म्हणजे हिप-हॉप, लो-फाय, नाचायची गाणी, तर वरची तक्रार तुम्हाला लागू नाही. तिथे फिरणं हेच गाणं आहे, पेटी घेऊन काय करणार? ज्यांना एकाच वेळी गाता आणि वाजवता येत नाही त्यांनाही सुरुवातीला लॅपटॉप सोपा जाईल. परदेशात राहणाऱ्यांना विमानातून पेटी नेणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. अशांनी लॅपटॉपच घ्यावा, पण लूपचं बटण बंद ठेवावं, पियानोचा एक साधा आवाज निवडावा आणि दोन्ही अंतरे होईपर्यंत दुसरा ट्रॅक उघडू नये. मला स्वतःला हे पथ्य जमलेलं नाही. समोर दोनशे आवाज पडलेले असताना एकावर समाधान मानायला वेगळा स्वभाव लागतो.

पण भावगीत, अभंग, गझल, बालगीत, म्हणजे शब्द पुढे आणि चाल त्याच्या मागून चालणारं काही करत असाल आणि दर वेळी मुखड्यावरच गाडी थांबत असेल, तर साउंड कार्डाचे पैसे सध्या राहू द्या आणि पेटी बघा, असं मी म्हणेन. लॅपटॉप तुमच्या घरात असणारच, तो कुठे पळून जात नाही. चाल पुरी झाली की सजवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

पेटी जुनी चालेल. स्केल चेंजरच्या मागे लागू नका, साधी डबल रीड पुरते. दुकानात गेल्यावर आधी वाजवू नका. भाता भरा, कुठलीही पट्टी न दाबता थांबा आणि हवा किती वेळ टिकते ते बघा. लगेच उतरली तर गळती आहे. स्टॉपर (समोरची खेचायची खुंटी) उघडल्यावर एखादा सूर न दाबताच बोलत असेल तर तोही दुरुस्तीचा खर्च किमतीतून कापून घ्या. मग खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी हळू दाबत जा, कमी हवेवर सूर उमटतो का ते ऐका, कारण चाल शोधताना आपण जोरात वाजवत नाही. जमलं तर हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये करा. ओलसर हवेत जी पेटी नीट बोलते ती पुढे वर्षभर फारशी कुरकुर करत नाही.