ऑपेरा मोबाइल की ऑपेरा मिनी?

डेस्कटॉपचा ब्राउझर फोनवर आणायचा कसा, याची दोन वेगळी उत्तरं नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीनेच दिली. ऑपेरा मोबाइल म्हणजे अख्खा ब्राउझरच फोनमध्ये: संगणकावरचंच प्रेस्टो इंजिन (वेबपानाचा कोड वाचून पान तयार करणारा ब्राउझरचा गाभा), त्यामुळे पान मांडायचं कामही फोनचंच. त्यासाठी सिम्बियन किंवा विंडोज मोबाइल या स्मार्टफोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमवाला, म्हणजे तेव्हाच्या मानाने महागडा फोन लागायचा.

२००६ मध्ये जगभर आलेल्या ऑपेरा मिनीने इंजिन फोनवर ठेवलंच नाही. पान कंपनीच्या सर्व्हरवर उघडायचं, चित्रं तिथेच लहान व्हायची आणि फोनमधलं चिमुकलं जावा अ‍ॅप तयार माल फक्त दाखवायचं. डेटा ९० टक्क्यांपर्यंत वाचू शकायचा. साध्या फोनवर केबीमागे पैसे मोजणाऱ्याला आणखी काय हवं?

मराठी वाचकाची तर चंगळच. फोनमध्ये देवनागरी फॉन्ट नसला की नुसते चौकोन दिसायचे. मिनीच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये 'ऑपेरा:कॉन्फिग' टाइप करून बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू केला, की सर्व्हर अक्षरांची चित्रंच पाठवायचा. डेटा थोडा जास्त जायचा, पण जोडाक्षरं नीट दिसायची.

मोबदला मात्र द्यावा लागायचा. जावास्क्रिप्टही, म्हणजे पानातले मेनू-बटणं हलवणारा कोडही, सर्व्हरवरच चालायची, त्यामुळे साधा मेनू उघडायलाही कधीकधी तिकडे फेरी. आणि बँकेचं सुरक्षित पानसुद्धा मधल्या सर्व्हरवर उलगडलं जायचं. ही गोष्ट मला कधीच पटली नाही. माझा तेव्हाचा नियम: पैशांच्या व्यवहाराला ऑपेरा मोबाइल, बातम्या वाचायला मिनी.